हवामान बदलाचं संशोधन : मराठवाड्यात पाच खात्यांची मोट कशी बांधायची

जुलैत पावसाने तीन आठवडे दडी मारली की मराठवाड्यात काय काय होतं, ते एका गावात उभं राहून बघावं. सोयाबीन दुपारी माना टाकतं. उघडिपीत अळी वाढते, फवारण्या वाढतात, शेजारच्या तुतीवर औषधाचे तुषार उडतात आणि तो पाला खाल्लेले रेशीम किडे मरतात. माळावर गवत नसतं, म्हणून शेळ्या रोज लांब न्याव्या लागतात. तलावात नवीन पाणी आलेलं नसतं, त्यामुळे मच्छीमार संस्थेने सांगून ठेवलेलं मत्स्यबीज सोडायचं कुठे, हा प्रश्न पडतो. मोसंबीची गळ सुरू होते.

पावसाचा खंड एकच असतो. पण सोयाबीनचा अभ्यास एका इमारतीत होतो, शेळीचा दुसऱ्या, माशांचा तिसऱ्या, आणि विहिरीच्या पातळीचा चौथ्या. पुढे अहवालही चार निघतात. चारही बरोबर असतात आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचं त्यांतून फारसं काही हाती लागत नाही, कारण त्याच्या घरात ही चारही कामं एकाच चुलीवर चालतात.

हा लेख कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ, महाविद्यालयांतले प्राध्यापक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था आणि तालुक्याचे उत्साही अधिकारी यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : मराठवाड्यात संस्था कमी नाहीत आणि नवी समिती नको. काम खात्यांनुसार न वाटता हवामानाच्या घटनेनुसार वाटलं, तर आहे त्या माणसांत आणि बऱ्याच अंशी आहे त्या पैशांत समन्वय होतो.

आधी कोण काय करतंय ते मांडा

पहिल्या आठवड्याचं काम एक कागद. त्यावर आपल्या जिल्ह्यात आणि आसपास कोण काय मोजतं, एवढंच लिहायचं. कोण काय 'राबवतं' ते नको.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याच्या बदनापूर केंद्राने तुरीचे बीडीएन ७११ सारखे वाण दिले. आठही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत : खरपुडी, सगरोळी, तोंडापूर, अंबाजोगाई, तुळजापूर ही नावं बहुतेकांच्या ओळखीची. पशुवैद्यक महाविद्यालयं परभणी आणि उदगीरला आहेत. उदगीरलाच मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. ही तिन्ही नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, आणि म्हणूनच परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारापासून हाकेच्या अंतरावरचे लोक वेगळ्या विद्यापीठाचे असतात. हे अंतर कागदावरच मोठं आहे. पाण्याच्या बाजूने छत्रपती संभाजीनगरची वाल्मी म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. सामाजिक बाजूने तुळजापूरचं टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र, नांदेडचं आणि संभाजीनगरचं विद्यापीठ. बाहेर हैदराबादची क्रीडा ही कोरडवाहू संशोधन संस्था. देशातला 'निक्रा' हा हवामान अनुकूल शेतीचा कार्यक्रम २०११ पासून तीच सांभाळते. पिकं, जनावरं आणि मासे तिन्ही एका छताखाली घेण्याची कल्पना त्यात पहिल्यापासून आहे, म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तीही कागदावर घ्या.

यादीत तीन रकाने ठेवा : काय मोजतात, कुठे मोजतात, कधी मोजतात. उदाहरणार्थ, भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो, आणि महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत. पीक कापणी प्रयोगांचे आकडे मंडळनिहाय निघतात. पोक्रा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांचे पाण्याचे ताळेबंद झालेले आहेत. हा सगळा माल आयता आहे. यातला निम्मा जरी एका कागदावर आला तरी पहिल्या बैठकीत निम्मे लोक म्हणतात, 'हे आमच्याकडे आहे, तुम्ही मागितलंच नाही.'

एक इशारा. काही कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ नंतर जिल्हा कृषी हवामान कक्ष सुरू झाले होते, ते २०२४ मध्ये बंद पडले. प्रकल्प संपला की माणूस जातो आणि संगणकातली नोंदही पुष्कळदा त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे यादी करताना 'ही नोंद सध्या कोणाच्या टेबलावर आहे' हा चौथा रकाना काढलात तर पुढे दुवा मिळेल.

प्रश्न घटनेवरून उचला

'हवामान बदलाचा मराठवाड्यातील शेतीवर परिणाम' हा विषय प्रबंधाच्या मुखपृष्ठासाठी ठीक आहे. त्यावर पाच खाती एकत्र येत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल.

त्याऐवजी चार-पाच घटना ठरवा : पावसाळ्यातला खंड, काढणीच्या तोंडावरची अतिवृष्टी, मार्च ते मेमधली उष्णता, गारपीट, आणि सलग दोन वर्षांची तूट. प्रत्येक घटनेने इथे आपली छाप सोडलेली आहे. २०१२-१३ ला जालना-संभाजीनगरकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने उभी रब्बी झोपली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना-मांजरा काठच्या शेतांतली सोयाबीन पाण्याखाली गेली, जनावरं वाहून गेली, जमीन खरवडून निघाली. नुसत्या सरासरी पावसाकडे बघत बसलं तर यातलं काहीच दिसत नाही.

मग एका घटनेवर सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा : हे झालं की तुमच्याकडे काय बिघडतं, किती दिवसांनी, आणि ते कळायची पहिली खूण कोणती? उत्तरं एका ओळीत लिहून घ्या. कामाचे प्रश्न दोन उत्तरांच्या मध्ये सापडतात.

सगळ्यात चांगलं उदाहरण कडब्याचं. रब्बी ज्वारीची जागा हरभऱ्याने आणि खरिपात सोयाबीनने खाल्ली. पैशाच्या हिशेबाने शेतकऱ्याचं चुकलं नाही. पण सोयाबीनचं कुटार जनावरं कडब्यासारखं खात नाहीत, आणि ज्वारीचा पेरा घटला की कडबा महागतो. देवणी किंवा लाल कंधारी गाय सांभाळणारा माणूस दुष्काळी वर्षात जनावर विकतो ते पाण्यामुळे की वैरणीमुळे, हे कोणी नीट मोजलेलं गावपातळीवर हाती येत नाही. पीक पैदासकार वाणाची धान्य-उत्पादकता आणि काढणीचे दिवस बघतो. पशुवैद्यक दूध बघतो. मधली पेंढी कोणाच्याच तक्त्यात नसते. परभणी मोतीसारखा वाण धान्याबरोबर कडबाही देतो ही गोष्ट शेतकऱ्याला माहीत असते, तो वाण निवडताना ताटाची उंची बघतो. तेव्हा संयुक्त प्रश्न असा : 'सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओल कमी असताना कोणता वाण, किती खोलीच्या जमिनीत, एकरी किती शेकडा पेंढ्या देतो, आणि तेवढ्यात किती जनावरं जूनपर्यंत निघतात?' असा प्रश्न मांडला की कृषी आणि पशुवैद्यक एकाच बांधावर येतात, बोलावणं न करता.

दुसरं उदाहरण फवारणी आणि रेशीम. बीड-जालना भागात तुती वाढली आहे. कोष विक्रीला जालन्याला बाजार आहे. खंड पडल्यावर सोयाबीन-कपाशीवर नेमकी कोणत्या आठवड्यात फवारणी वाढते, हे कीटकशास्त्र विभागाला माहीत असतं. रेशीमवाल्याची बॅच कोणत्या आठवड्यात चौथ्या अवस्थेत आहे, हे रेशीम कार्यालयाला माहीत असतं. दोघांच्या तारखा एका कागदावर आणल्या की अंडीपुंज, म्हणजे रेशीम किड्यांची अंडी, कधी उचलावेत याचा सल्ला निघतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

यादीत 'अनपेक्षित' म्हणून एक ओळ मोकळी ठेवा. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली, तेव्हा ती कोणाच्याच वार्षिक आराखड्यात नव्हती.

जागा : तालुका नको, पाणलोट घ्या

प्रशासन तालुक्याने चालतं आणि पाणी नदीने. समन्वयाची जागा निवडताना नदीचं ऐका. मांजरेचंच बघा. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर ती उगम पावते. वर मुरमाड, उथळ जमीन, शेळ्या-मेंढ्या, ऊसतोडीला जाणारी घरं. खाली येताना काळी जमीन, सोयाबीन, तूर, मग ऊस. धनेगावला धरण, त्यात मासेमारी, आणि त्याच पाण्यावर लातूरचं पिण्याचं पाणी. सगळी क्षेत्रं एका नदीवर. वर पाणी अडवलं तर खाली काय होतं, धरणातला साठा पिण्यासाठी राखीव झाला की ऊस आणि मासे दोन्हींचं काय होतं, हे इथेच कळेल.

पूर्ण खोरं घ्यायचं नाही. तीन गावं घ्या : एक माथ्याचं, एक मधलं, एक तलावाकाठचं. पंधरा गावांचा मोह सगळ्यांना होतो, कारण प्रस्तावात ते भारी दिसतं. पंधरा गावांत नोंद ठेवणारा माणूस मिळत नाही. नांदेडकडचे लोक किनवट-माहूरची बाजू घेऊ शकतात. तिथे जंगल, मोह, तेंदू हेही हिशेबात येतील. हिंगोलीला वसमतची हळद धरून रचना करता येईल.

एक तारीख, एक माप

इथे वेळ द्या. बहुतेक एकत्र अभ्यास भांडणाने मोडत नाहीत, तक्ते जुळत नाहीत म्हणून मोडतात.

पाऊस आधी. हवामान खात्याच्या रिवाजाने पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात, आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितात. म्हणजे १० जुलैच्या संध्याकाळी झोडपलं तर तो पाऊस ११ जुलैला दिसतो. गावातला माणूस त्याच्या वहीत १० तारीख लिहितो. दूध संघाची नोंद त्या-त्या दिवसाची. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की दूध पावसाच्या आदल्या दिवशीच घटल्याचं दिसतं आणि कोणीतरी त्यावर निष्कर्ष काढून मोकळा होतो. तेव्हा सगळ्यांनी साडेआठचाच नियम पाळायचा आणि तक्त्याच्या डोक्यावर तसं लिहायचं.

मंडळाचं केंद्र गावापासून बरंच लांब असू शकतं, आणि आपल्याकडचा पाऊस बांधापलीकडे पडून अलीकडे न पडणारा. म्हणून तिन्ही गावांत साधं पर्जन्यमापक बसवा, झाड आणि भिंतीपासून दूर. वाचणारा माणूस एकच असावा. शाळेतले गुरुजी उत्तम, पण सुट्टीत कोण वाचणार ते आधी ठरवा. पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहायचं. रिकामी जागा म्हणजे पाऊस नव्हता की वाचायला कोणी नव्हतं, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

'खंड' म्हणजे काय हेही ठरवा. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. पीक विम्याच्या बोलण्यात सलग २१ दिवसांचा खंड ऐकू येतो. पण बालाघाटावरच्या हलक्या जमिनीत पीक आठ-दहा दिवसांतच मान टाकतं, आणि भारी काळीत ते त्याहून बरेच दिवस तग धरतं. विम्याची व्याख्या संशोधनाला उसनी घेऊ नका. जमिनीच्या खोलीनुसार दोन व्याख्या ठेवा आणि प्रत्येक प्लॉटची खोली फावड्याने खणून मोजा; 'मध्यम' असं लिहून चालणार नाही. अतिवृष्टीला मात्र मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा महसुली आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, तो ठेवा.

उत्पन्नाची मापं म्हणजे मोठी गंमत आहे. सोयाबीनचा उतारा आपल्याकडे बियाण्याच्या बॅगेवर सांगतात : 'यंदा बॅगेला आठ पडले.' पेरणीयंत्राने पेरलं तर एक बॅग साधारण एकराला जाते, म्हणून हे माप चालून गेलं. टोकण, म्हणजे एकेक बी टोचून पेरणी, केली तर बियाणं कमी लागतं आणि तीच बॅग जास्त रानाला पुरते. मग टोकणीवाल्याचा 'बॅगेला बारा' आणि पेरणीवाल्याचा 'बॅगेला आठ' यांची तुलना कशी करणार? शेतकऱ्याला बॅगेचंच विचारा, तो तेच खरं सांगेल. पण शेजारी रान किती गुंठे तेही विचारा आणि हेक्टरी क्विंटल आपण काढा. कडबा शेकडा पेंढीत विचारा आणि दहा पेंढ्यांचं वजन करून गुणाकार करा. दूध सकाळ-संध्याकाळचं वेगळं. रेशमाला १०० अंडीपुंजांमागे किती किलो कोष. माशांना जलविस्ताराच्या हेक्टरी किलो, आणि तो विस्तार पाणी आटत जाईल तसा बदलतो, त्यामुळे महिना लिहायचाच.

तारखांचंही तसंच. 'पेरणी कितीला केली?' म्हटलं की शेतकरी अंदाज सांगतो. 'आर्द्राच्या पहिल्या पावसावर की दुसऱ्या?' असं विचारा. तो बिनचूक सांगेल, आणि आर्द्रा २१-२२ जूनला लागते, पाऊस तुमच्या वहीत आहे, तारीख आपोआप मिळते.

उष्णतेचं माप जनावरांसाठी वेगळं हवं, कारण नुसतं तापमान फसवतं. तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तापमानाला ०.८ ने गुणायचं, तापमानातून १४.४ वजा करून उरलेल्याला दशांशातल्या आर्द्रतेने गुणायचं. दोन्हींची बेरीज करून त्यात ४६.४ मिळवायचे. मे महिन्यात ४० अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर उत्तर ८६ येतं. सप्टेंबरात ३२ अंश आणि ७० टक्के असेल तर ८४. आठ अंशांचा फरक, आणि गाईला जाणवणारा ताण जवळपास तेवढाच! जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंना ७२ च्या वर ताण सुरू होतो असं धरतात. देशी जनावरं जास्त सोसतात, पण नेमकं किती, हे देवणी आणि लाल कंधारीवर इथल्या गोठ्यांत मोजण्यासारखं आहे. उन्हाळ्यात पाण्याचे फवारे मारणारा दूधवाला पावसाळ्यातल्या उकाड्यात गोठा बंद ठेवतो. ही सवय बदलायला एवढा हिशेब पुरे.

मासे मोजताना वेळ चुकू नका. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी बारा वाजता गाडी घेऊन गेलेल्या पथकाला तो भरपूर दिसतो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आसपास चांगला, तीनच्या खाली गेला की रोहू-कटला तोंड वर काढतात. संस्थेच्या एका सभासदाला उपकरण वापरायला शिकवलं की रोज पहाटेची नोंद मिळते.

करार एका पानाचा, माणूस एक

सामंजस्य कराराचे फोटो छान येतात. त्यापेक्षा एक पान लिहा : कोण कोणती नोंद देणार, कोणत्या महिन्याच्या कितव्या तारखेला, ती कोण वापरू शकतो, आणि निबंध छापला तर नावं कोणाची. शेवटचा मुद्दा बोलायला सगळे लाजतात आणि पुढे त्यावरूनच बिनसतं. नोंद ठेवणाऱ्या गावातल्या माणसाचा उल्लेख कुठे आणि कसा होईल, तेही लिहा.

शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, फोन नंबर वेगळ्या यादीत, कुलपात. कामाच्या तक्त्यात फक्त सांकेतिक क्रमांक. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहेच. पण त्याच्याही आधी, कोणत्या घराकडे किती जनावरं आणि किती कर्ज हे गावभर झालं तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.

समन्वयक पूर्णवेळ हवा, आणि तो शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. मोटारसायकल चालवणारा, एक्सेल येणारा, पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करायला न बिचकणारा कृषी पदवीधर चालेल. त्याचा पगार कोणा एका खात्याच्या योजनेतून नको, नाहीतर महिन्याभरात तो त्या खात्याची इतर कामं करताना दिसेल. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावातली विश्वासू संस्था यांच्याकडे त्याला ठेवा.

बैठकीत कोण असावं, यावर फक्त दोन शब्द. शेळ्या आणि दूध बहुतेक घरांत बायका बघतात, त्यामुळे बचत गटाची अध्यक्ष केवळ सत्कारापुरती नको. आणि भूमिहीन शेळीपालक, मेंढपाळ, भोई यांच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून ते शेतकऱ्यांच्या यादीतून घेतलेल्या नमुन्यात कधीच येत नाहीत. त्यांची यादी वेगळी करावी लागते.

प्रयोग आणि प्रात्यक्षिक यांत गल्लत नको

प्रात्यक्षिकाचा प्लॉट रस्त्याकडेला, विहिरीजवळ, पुढाऱ्याच्या रानात असतो, कारण तो दाखवायचा असतो. त्यावरून निष्कर्ष काढू नयेत.

प्रयोगासाठी प्रत्येक शेतकऱ्याच्या एकाच रानात दोन पट्टे : एक नव्या पद्धतीचा, एक त्याच्या नेहमीचा. कोणता पट्टा कुठे, हे चिठ्ठी टाकून ठरवा. नाहीतर चांगली बाजू नव्या पद्धतीला मिळते, अगदी नकळत. गावात पाच-सहा शेतकरी, तीन गावं, म्हणजे पंधरा-अठरा पुनरावृत्ती झाल्या. पहिल्या वर्षाला एवढ्या बस्स. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन हा प्रयोग यासाठी चांगला, कारण खंडात ओल टिकवणं आणि अतिवृष्टीत पाणी काढून देणं, दोन्ही दावे त्याच्यावर आहेत, आणि एकाच हंगामात दोन्ही तपासण्याची संधी आपला पाऊस हल्ली आवर्जून देतो. पेरणी दोन्ही पट्ट्यांत एकाच दिवशी, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्यावर, म्हणजे ओल पेरणीजोगी झाल्यावर.

त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यातलं दूध, त्याच्या शेळ्या, त्याच्या विहिरीची पातळी हे सगळं त्याच सांकेतिक क्रमांकाखाली नोंदवा. समन्वयाचा खरा नफा इथे आहे. घर तेच आणि वर्ष तेच, म्हणून खंडाचा धक्का पिकाला किती, दुधाला किती, आणि एकाने दुसऱ्याला सावरलं का, ते दिसतं. निम्म्या एकरावर ज्वारी ठेवणारं घर आणि न ठेवणारं घर यांची तुलना अशीच होईल.

पीक गेलं तरी नोंद थांबवायची नाही. पाण्याखाली गेलेला प्लॉट 'रद्द' करण्याची सवय संशोधकांना असते. अतिवृष्टीचा अभ्यास करताना नेमका तोच प्लॉट हवा असतो. किती तास पाणी साचलं, उतरल्यावर किती झाडं उभी होती, रब्बीला ते रान वापशावर कधी आलं.

वेळापत्रक गावाचं पाळा

घरोघरीची पाहणी दसऱ्याच्या आत संपवा. बीड, धाराशिव, जालन्याच्या माथ्यावरच्या गावांतली पुष्कळ घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ती थेट मार्चनंतर परततात. नोव्हेंबरात पाहणी केली तर गावात म्हातारी माणसं आणि बागायतदार भेटतात आणि दुष्काळ एवढा काही वाईट नाही असं उत्तर मिळतं. १७ सप्टेंबरच्या आसपास अधिकारी मुक्तिसंग्राम दिनाच्या गडबडीत असतात, त्या आठवड्यात बैठक ठेवू नका. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला सगळं गाव शेतात असतं; बैठक होणार नाही, पण प्लॉट बघायला आणि जेवायला त्याच्यासारखा दिवस नाही.

कच्चा हिशेब असा. पेरणीआधी, मे महिन्यात, मापांची उजळणी आणि पर्जन्यमापकांची दुरुस्ती. जुलै ते सप्टेंबर दर पंधरवड्याला अर्ध्या तासाचा फोन, प्रत्येकाने फक्त 'माझ्याकडे काय बदललं' तेवढंच सांगायचं. डिसेंबरात खरिपाचे आकडे एका तक्त्यात. फेब्रुवारीअखेर पहिला मसुदा. मार्चच्या शेवटी तिन्ही गावांत वाचन, तेही आलेख न दाखवता, गावातल्याच नावांनी आणि नक्षत्रांनी.

पैसा

नव्या निधीची वाट बघत बसू नका. पर्जन्यमापकं, प्रवास आणि समन्वयकाचा पगार एवढाच जास्तीचा खर्च आहे. मोजमाप करणारी माणसं आपापल्या पगारावर आहेतच. आत्मा या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या जिल्हा आराखड्यात शेतकरी-शास्त्रज्ञ संवादाला जागा असते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून, नाबार्डकडून, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून प्रयत्न करता येतो. पण कायमची सोय हवी असेल तर उसाकडे बघा. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी इथे ऊस संशोधनाची संस्था उभी केली, जी आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून चालते, आणि कारखाने तिला वर्गणी देतात. सोयाबीनच्या कंपन्या, दूध संघ, कोष बाजार आणि मच्छीमार संघ यांनी मिळून क्विंटलमागे, लिटरमागे काही पैसे बाजूला काढले तर संशोधनाचा विषयही तेच ठरवू शकतील. अवघड आहे, कारण सोयाबीनला कारखान्यासारखा एक दरवाजा नाही. पण दोन-तीन उत्पादक कंपन्यांपासून सुरुवात होऊ शकते.

निष्कर्ष कुठे न्यायचे

मसुदा तयार झाला की तो तीन ठिकाणी गेला पाहिजे. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत तो लवकर स्वीकारला जातो. कृषी विद्यापीठाच्या विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समितीत त्यावर प्रश्न पडतात, ते लिहून घ्या. आणि राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची जी संयुक्त कृषी संशोधन बैठक उन्हाळ्यात होते, तिथे पोहोचलेली गोष्टच अधिकृत शिफारस होते. तिथे जाण्यासाठी साधारण तीन हंगामांचे आकडे लागतात हे गृहीत धरून चाला. एका वर्षाच्या तक्त्यावर शिफारस मागायला गेलात तर परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे. पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसायाच्या शिफारशींची वाट वेगळी आहे, त्यामुळे उदगीरच्या प्राध्यापकांना पहिल्या वर्षापासून सहलेखक ठेवा.

'काही फरक पडला नाही' हेही छापा. एखाद्या वाणाने, एखाद्या औषधाने खंडात काही साधलं नाही, हे तीन गावांनी बघितलेलं असतं. ते लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तेच पाकीट शेजारच्या तालुक्यात विकलं जातं.

एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम. पशुधन विकास अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी, केंद्रातले करारावरचे शास्त्रज्ञ, यांतले दोघे तरी हलतात. म्हणून मार्चच्या बैठकीतला शेवटचा विषय नेहमी एकच ठेवा : तक्ता, कुलपातली यादी आणि पर्जन्यमापकांच्या वह्या पुढच्या वर्षी कोणाच्या ताब्यात, आणि तो माणूस गेला तर नंतर कोणाच्या. दोन्ही नावं इतिवृत्तात लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक उत्पादक कंपनीच्या कपाटात ठेवा.